रानाच्या ताब्यातले किल्ले : नरनाळा आणि गाविलगड

नरनाळा हा अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर उभा असलेला डोंगरी किल्ला. त्याचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९७३ मीटरवर आहे. १९९७ साली किल्ला आणि त्याला लगटून असलेले रान मिळून १२.३५ चौरस किलोमीटरचे नरनाळा अभयारण्य जाहीर झाले. त्याच वर्षी शेजारची वान आणि अंबाबरवा ही अभयारण्ये झाली, आणि तिन्ही मिळून मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडली गेली. अभयारण्याला किल्ल्याचेच नाव असणे महाराष्ट्रात नवे नाही. पनवेलजवळच्या कर्नाळ्याचे उदाहरण त्याहून जुने आहे. पण कर्नाळा हा एक सुळका आणि त्याच्या पायथ्याची झाडी. नरनाळ्याचा तट मैलोगणती धावतो, त्याच्या आत तलाव, महाल, मशिदी, कबरी आहेत, आणि या सगळ्यावर आज सांबर, अस्वल आणि बिबट्या यांची वहिवाट आहे.

त्याचा जोडकिल्ला गाविलगड अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला लागून आहे. तोही व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. हे दोन किल्ले एकाच रांगेवर, एकाच हेतूने, बहुधा एकाच राजाच्या हुकमाने बळकट झाले, आणि एकाच पिढीत निकामी ठरले. पहिल्याचा इतिहास दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही.

वऱ्हाडची जुनी वाटणी तीन भागांत होते: दक्षिणेचा डोंगराळ बालाघाट, मधले पूर्णेचे सपाट खोरे म्हणजे पायनघाट, आणि उत्तरेचा मेळघाट. वाशीम-पुसद रस्त्यावरचे, शृंगऋषींचे देवस्थान असलेले अनसिंग हे गाव बालाघाटात मोडते. अनसिंगहून नरनाळ्याला जाणारा प्रवासी वऱ्हाडचे हे तिन्ही भाग एका दिवसात ओलांडतो, आणि किल्ला तिथेच का बांधला हे त्याला पुस्तकाआधी रस्ताच सांगतो. वाशीम सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथून मालेगाव, मेडशी असे करत पातूरजवळ घाट उतरला की अकोल्याचे मैदान लागते, ते जेमतेम पावणेतीनशे-तीनशे मीटरवर. मेडशीच्या आसपासचे जंगल आणि पूर्वेकडचे ७३.६९ चौरस किलोमीटरचे काटेपूर्णा अभयारण्य ही बालाघाटाच्या उतारावरची शेवटची सलग झाडी. त्यानंतर अकोटपर्यंत कापूस, तूर आणि हरभरा, मध्ये पूर्णा नदी, आणि समोर उत्तरेला एकाएकी उठलेली निळी भिंत.

ही भिंत भूगर्भातील भेगेची आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंगाची रेषा जाते. तिच्या उत्तरेचा बेसॉल्ट वर राहिला आणि दक्षिणेचा भाग खचून त्यावर पूर्णेचा गाळ साचला. त्यामुळे येथे सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारखा चढ-उताराचा गोंधळ नाही. मैदान संपते आणि डोंगर सुरू होतो. त्या डोंगरातून तापीच्या खोऱ्यात, म्हणजे खानदेश, माळवा आणि बैतूलकडे, जायला मोजक्याच खिंडी आहेत. खिंड ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात वऱ्हाड, हा हिशेब पंधराव्या शतकात पक्का झाला.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५-२६ च्या सुमारास एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे वर्षभर मुक्काम करून गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. नरनाळ्याच्या बाबतीत त्याने ‘दुरुस्ती’ म्हटले आहे हे ध्यानात घेण्यासारखे. म्हणजे बहमनींच्या आधी तेथे काहीतरी होते. परंपरा ते गोंडांचे मानते, तर किल्ल्याचे नाव नरनाळसिंह नावाच्या रजपुताशी जोडते. गाविलगडाच्या नावात गवळी राजांची आठवण शोधली जाते. दोन्ही कथांना शिलालेखाचा आधार नाही, पण पाण्याच्या सोयीची आणि वाटांची माहिती असलेल्या डोंगरी माणसांची वस्ती आधीपासून असणार, एवढे अनुमान निघते. सुलतानाला मात्र ते डोंगर हवे होते शेजाऱ्यांसाठी: उत्तरेला माळव्याचा होशंगशहा, पश्चिमेला खानदेशचे फारुकी, ईशान्येला खेरल्याचे गोंड राज्य. तिघांच्याही फौजांना वऱ्हाडात उतरायचे तर याच रांगेतून उतरावे लागे.

नरनाळा पाहायला अकोटहून पोपटखेडमार्गे शहानूरला यावे लागते. शहानूर हे पायथ्याचे गाव. तिथेच वनखात्याचा नाका आहे. किल्ला खरे तर तिघांचा संच आहे. मधला आणि सर्वांत मोठा तो नरनाळा, पूर्वेचा जाफराबाद, पश्चिमेचा तेलियागड. शेजारच्या डोंगरसोंडा शत्रूच्या तोफांना उपयोगी पडू नयेत म्हणून त्या तटाने बांधून मुख्य किल्ल्याला जोडल्या. सहा मोठे दरवाजे, एकवीस लहान, तीनशे साठ बुरूज, बावीस तलाव असा आकड्यांचा हिशेब सांगितला जातो. तीनशे साठ ही संख्या वर्षाच्या दिवसांशी फारच सोयीने जुळते, तेव्हा ती प्रत्यक्ष मोजून आलेली असेल असे मानायला मन घेत नाही. पण तटाची लांबी पाहिली की आकडा कुणी का फुगवला असावा हे कळते.

शहानूर दरवाजा, मेहंदी दरवाजा आणि महाकाली दरवाजा हे वर जाणाऱ्या वाटेवर एकामागून एक लागतात. त्यांतला महाकाली दरवाजा हा नरनाळ्याचा आणि एकूणच वऱ्हाडातल्या सुलतानी बांधकामाचा सर्वांत देखणा अवशेष. किल्ल्याचा तट काळ्या दगडाचा, पण दरवाजा फिकट वालुकाश्माचा; तो दगड येथे मुद्दाम निवडून आणला हे रंगावरूनच समजते. कमानीच्या दोन्ही अंगांना कमळाची फुले कोरली आहेत, वर नक्षीदार छज्जा आहे, आणि दोन बाजूंना पुढे आलेले सज्जे. सज्ज्यांच्या दगडी जाळ्यांत दर चौकटीची नक्षी वेगळी आहे. एकच साचा सगळीकडे चालवण्याचा आळस कारागिरांनी केलेला नाही, उलट वेगळेपणाचीच हौस केली आहे. दरवाजाच्या मागे पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि खोल्या आहेत. लढाईत उपयोगी पडावा असा हा दरवाजा नाही. येणाऱ्याने थांबून मान वर करावी यासाठी तो बांधला आहे.

कोणासाठी मान वर करायची, हे दरवाजावरचा लेख सांगतो. १४८७ साली शिहाबुद्दीन महमूदशहा बहमनीच्या कारकिर्दीत तो बांधला गेला. त्या वेळी वऱ्हाडचा सुभेदार होता फतहुल्ला इमादुल्मुल्क. हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण मुलगा. बहमनींच्या स्वारीत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, आणि पुढे स्वतः सुभेदार झाला. दरवाजावर त्याने सुलतानाचे नाव कोरले, आणि तीन वर्षांनी, १४९० मध्ये, त्याच सुलतानापासून वेगळा होऊन इमादशाही स्थापन केली. दख्खनच्या पाच शाह्यांपैकी ही एक. महाकाली दरवाजाचा थाट पाहता, नाव सुलतानाचे असले तरी स्वप्न सुभेदाराचे होते, असे म्हणायचा मोह होतो.

दरवाजांच्या पलीकडे किल्ल्याचा माथा विस्तीर्ण आहे. राणी महाल म्हणून ओळखली जाणारी इमारत, तिच्यासमोरचा मोकळा भाग, अंबरखाना, मशिदी, कबरी आणि नऊगजी तोफ ही पाहणाऱ्याची नेहमीची ठिकाणे. तोफ नावाप्रमाणे लांबलचक असून दक्षिणेकडच्या मैदानाच्या बाजूला आहे. तिथून दिवाळीनंतरच्या स्वच्छ हवेत पूर्णेचे सगळे खोरे नजरेत येते.

मात्र नरनाळ्यावरची खरी बुद्धी पाण्यात दिसते. खाली मैदानात अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर या भागांतून खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरींचे पाणी पिण्यालायक नाही आणि ओलितालाही धड नाही. डोंगराच्या अगदी पायथ्याशी वाळू-गोट्यांच्या गाळाचा चिंचोळा पट्टा आहे, तेवढ्यात पाणी गोडे; संत्री आणि केळी तिथेच दिसतात. किल्ल्याला ना नदी ना झऱ्याचा भरवसा. तेव्हा सगळी भिस्त पावसावर. माथ्याचा उतार पाहून तलाव खोदले, त्यांत पाणी वळवले, आणि काही टाक्यांवर दगडी छत घालून बाष्पीभवन रोखले. ही झाकलेली चार टाकी किल्ल्यातील सर्वांत जुन्या कामांपैकी असावीत. त्यांचे काम जैन असल्याचे जुन्या गॅझेटियरकारांनी नोंदवले आहे. सक्कर तलाव हा किल्ल्यावरच्या तलावांतला मोठा. पिसाळलेले कुत्रे चावलेल्या माणसाला या तलावाच्या पाण्याने गुण येतो, असा समज वऱ्हाडात पिढ्यान्पिढ्या होता आणि लोक त्यासाठी डोंगर चढून येत. रेबीजची लस उपलब्ध असताना या समजावर विसंबणे जिवावर बेतेल हे सांगायला नकोच. पण मैदानातले पाणी खारे आणि डोंगरावरचे गोड, या अनुभवातूनच त्या पाण्याला औषधाचा मान मिळाला असावा. आज हे तलाव वन्यप्राण्यांचे पाणवठे आहेत. उन्हाळ्यात बरेचसे आटतात, आणि ज्यांत पाणी टिकते त्यांच्या काठाच्या चिखलात सगळ्या रानाची हजेरी उमटते.

इमादशाही संपली तीही नरनाळ्यावरच. तुफालखान नावाच्या सरदाराने अल्पवयीन बुऱ्हाण इमादशहाला बाजूला सारून सत्ता घेतली होती आणि राजाला नरनाळ्यावर कैदेत ठेवले होते. कैद्याच्या सुटकेचे निमित्त करून अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाडवर स्वारी केली. नरनाळ्याला वेढा पडला. १५७४ मध्ये किल्ला पडला, तुफालखान हाती लागला, गाविलगड सांभाळणारा त्याचा मुलगाही शरण आला. निजामशहाने मग ज्याला सोडवायला आला त्या राजालाही सोडले नाही. दोन्ही घराणी एकाच कैदेत संपली आणि वऱ्हाड अहमदनगरला जोडला गेला. १५९६ मध्ये चांदबिबीला तो मोगलांना द्यावा लागला, आणि पुढच्या दोन वर्षांत दोन्ही किल्ल्यांवर मोगल ठाणी बसली. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत गाविल आणि नरनाळा ही दोन नावे येतात. अनसिंगचा मुलूख ज्यात येई ते बासीम, म्हणजे वाशीम, हेही त्याच यादीतले एक सरकार.

गाविलगड नरनाळ्याहून उंच आहे. चिखलदऱ्याचे पठार सुमारे १,१०० मीटरवर, आणि किल्ला त्याच्याच दक्षिण टोकावर. नरनाळ्याहून अकोटला परतून अंजनगाव, परतवाडा असा वळसा घेतला की घाट चढून चिखलदरा येतो. किल्ल्याची रचना समजून घ्यायची तर तो दुमडलेला आहे असे समजावे. आतला किल्ला दक्षिणेला मैदानाकडे तोंड करून उभा. त्या बाजूला कडा एवढा सरळ की तटाला फारसे काम नाही. उत्तर आणि वायव्येला, जिथून पठाराची सपाटी किल्ल्याला भिडते, तिथे बाहेरचा किल्ला आतल्याला कवेत घेतो, आणि दोहोंच्या मध्ये खोल घळ आहे. त्याही पलीकडे लबाडा गावाच्या बाजूने आणखी एक तट. म्हणजे जिकडे निसर्गाने कमी दिले तिकडे माणसाने तिप्पट बांधले.

दिल्ली दरवाजावर कोरलेली चिन्हे गाविलगडाची ओळख आहेत. सिंह, आणि दोन तोंडांचा पक्षी, ज्याच्या चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेले आहेत. हा गंडभेरुंड विजयनगर आणि कर्नाटकाच्या शिल्पांत सर्रास दिसतो. वऱ्हाडच्या सुलतानी दरवाजावर तो दिसणे याला फतहुल्लाचे मूळ सोडून दुसरे कारण सुचत नाही. १४८८ च्या सुमारास त्याने गाविलगडाची फेरबांधणी केली. बहराम बुरुजावरचा लेख १५७७ चा, म्हणजे निजामशाही अमलातला. आत सात कमानींच्या दर्शनी भिंतीची जामा मशीद आहे. तिच्या छताचा बराच भाग गेला आहे, पण कोपऱ्यावरच्या छत्रीतल्या दगडी जाळ्या अजून महाकाली दरवाजाच्या कारागिरांशी नाते सांगतात. तोफा आहेत, तलाव आहेत.

गाविलगडावर लिहिणाऱ्यांची लेखणी नेहमी १८०३ च्या डिसेंबरात अडकते. तसे होणे स्वाभाविक आहे, कारण त्या वेढ्याचा जेता पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. अठराव्या शतकात दोन्ही किल्ले नागपूरकर भोसल्यांकडे होते. खालच्या मुलखात निजाम आणि भोसले यांची दोअमली चाले, वसुलीत दोघांचा वाटा असे, पण किल्ले भोसल्यांचे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आर्थर वेलस्लीने आडगावला भोसले आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. हे आडगाव आज तेल्हारा तालुक्यात, नरनाळ्याच्या डोंगरातून दिसणाऱ्या मैदानात आहे. पराभूत पायदळातील बरेचसे गाविलगडावर गेले. वेलस्ली अचलपूरमार्गे पायथ्याला आला.

दक्षिणेकडून किल्ला घेता येणार नाही हे उघड होते. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगराला वळसा घालून उत्तरेला लबाड्याला पाठवली. या वळशात रस्ता नव्हता. तोफा आणि दारूगोळा घेऊन, दऱ्याखोऱ्यांतून स्वतःच वाट करत ते सैन्य पुढे सरकले, आणि या कामात त्यांना ७ ते १२ डिसेंबर असे दिवस लागले. लढाईपेक्षा हीच मोहीम अधिक अवघड होती, असे त्या काळच्या वर्णनांवरून वाटते. तोफा लागल्यावर बाहेरच्या तटाला खिंडार पडायला वेळ लागला नाही. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला, पण आत जायचा दरवाजा बंद आणि मध्ये घळ. तेव्हा ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्बेलने शिड्या घेऊन घळ ओलांडली, आतल्या तटावर चढून दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला.

त्या तहातले एक कलम या दोन किल्ल्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, आणि ते सहसा दुर्लक्षित राहते. कटक-बालासोर आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला. पण गाविलगड, नरनाळा आणि त्यांना लागून असलेला चार लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश त्यांच्याकडेच ठेवला गेला. हरलेल्याला किल्ला परत मिळतो तेव्हा जिंकणाऱ्याच्या लेखी त्याचे मोल उतरलेले असते. तोफखाना डोंगरावर चढवता येतो हे सिद्ध झाल्यावर डोंगरी किल्ल्याची भीती उरली नव्हती. १८२२ च्या तहाने तेही निजामाकडे गेले, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला, आणि १८५८ मध्ये, तात्या टोपे सातपुड्यात शिरेल या धास्तीने, गाविलगडाची तटबंदी निकामी करण्यात आली. मध्यंतरी, १८२३ मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार इंग्रजांच्या नजरेला आणले होते. लष्करी किल्ल्याच्या शेजारी थंड हवेचे ठिकाण वसले, कॉफी लागली, आणि किल्ला हळूहळू संध्याकाळी फिरायला जायची जागा झाला.

यानंतर रानाचा काळ. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटची निवड झाली. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य आणि १९८७ मध्ये ३६१.२८ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू यांचे हे शुष्क पानगळीचे जंगल. सिपना, खापरा, खंडू, गडगा आणि डोलार या पाच नद्या त्यातून तापीकडे जातात. नामशेष झाला असा समज असलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. वाघ, बिबट्या, रानगवा, सांबर, चौशिंगा, अस्वल, रानकुत्री ही येथली मंडळी. किल्ल्यावर दिवसा हमखास भेटणारे प्राणी म्हणजे वानरे. बाकीच्यांच्या खुणाच पाहाव्या लागतात.

रानाने किल्ल्यांचे भले केले की वाईट, हा प्रश्न येथे खरा आहे. गावाशेजारच्या किल्ल्याचा घडीव दगड घरांच्या जोत्यात जातो. अकोल्याच्या असदगडापासून अनेक भुईकोटांनी हे भोगले आहे. नरनाळ्याचा दगड डोंगरातून खाली नेण्याइतकी वस्ती जवळ नव्हती, पुढे वनखात्याने ती होऊ दिली नाही. महाकाली दरवाजाच्या जाळ्या पाचशे वर्षांनंतर जागेवर आहेत त्याचे श्रेय पहाऱ्याइतकेच एकांताला द्यावे लागते. उलट बाजूही तेवढीच खरी. चुन्याच्या सांध्यात पिंपळ आणि उंबर रुजतात, मुळे दगड उचकटतात, आणि पावसाळ्यात तटाचा एखादा भाग खाली येतो. दोन्ही किल्ले केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली स्मारके आहेत. त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो. भोवतीच्या जमिनीला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पहिल्या कायद्याच्या दृष्टीने तटातले झाड हा धोका, दुसऱ्याच्या दृष्टीने अभयारण्यातले झाड तोडणे हा गुन्हा. चुना, दगड, मजूर वर नेणे, मजुरांनी तिथे मुक्काम करणे, या साध्या गोष्टींनाही वनखात्याची परवानगी लागते. जतनाचे काम संथ चालते त्याला ही गुंतागुंत बरीच कारणीभूत आहे.

देशात ही अडचण फक्त वऱ्हाडची नाही. राजस्थानातला रणथंबोर व्याघ्र प्रकल्पाच्या मधोमध आहे आणि त्यातल्या गणपतीला हजारो भाविक जातात. तो २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. मध्य प्रदेशातील बांधवगडही असाच व्याघ्र प्रकल्पात आहे. साताऱ्याकडे कोयनेच्या जंगलातला वासोटा बामणोलीहून नावेने आणि परवानगीनेच पाहता येतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक यादीत आले. शिवकालाशी जोडलेल्या त्या संचात नरनाळा-गाविलगड बसत नाहीत हे समजण्यासारखे आहे. पण विदर्भातल्या किल्ल्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष मुळातच कमी जाते, आणि सह्याद्रीतील एखाद्या दुय्यम किल्ल्यावर जेवढे मराठीत लिहिले गेले त्याच्या पासंगालाही महाकाली दरवाजावर लिहिले गेलेले नाही, ही उणीव केवळ यादीतली नव्हे.

अभयारण्याच्या हिशेबात माणसेही आहेत. मेळघाटचे मूळ रहिवासी कोरकू. अकोट वन्यजीव विभागातील बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी, आणि नंतर धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी गावे जंगलाबाहेर, मैदानात वसवली गेली. जंगलाला त्याचा लाभ झाला. मोकळ्या झालेल्या गावठाणांवर गवत वाढले आणि तृणभक्षी वाढले. लोकांना मात्र शेतजमीन, रोजगार आणि आजारपणाच्या तक्रारींनी घेरले, आणि पुनर्वसित कुटुंबांपैकी काही जंगलात परतली तेव्हा वनखात्याशी संघर्षही झाले. धारगडचे गाव उठले तरी तिथल्या महादेवाची श्रावणातली यात्रा उठली नाही. तेवढ्यापुरते भाविकांना जंगल खुले होते.

वाशीमकरांसाठी मेळघाटला जाण्याचा एक जुना मार्ग आता बंद आहे. हैदराबादकडून पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला करत खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी अकोटच्या पुढे मेळघाटच्या जंगलातून जाई. धुळघाटजवळ चढ जिंकण्यासाठी रूळ स्वतःवरूनच वळसा घेत, त्या वळणाला ‘चारचा आकडा’ म्हणत. पूर्णा-अकोला टप्पा २००८ मध्ये रुंद झाला. अकोला-खांडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला थांबवली गेली, अकोला-अकोट पट्टा रुंद होऊन सुरू झाला, आणि पुढे रूळ व्याघ्र प्रकल्पातून जुन्याच वाटेने न्यावेत की बाहेरून, यावर बराच काळ वाद चालला.

त्यामुळे अनसिंगहून रस्त्यानेच जायचे. वाशीम ते अकोला साधारण ऐंशी किलोमीटर, तिथून अकोट पंचेचाळीसच्या आसपास, आणि अकोट ते शहानूर वीसेक. अनसिंग-वाशीम धरून एकूण अंतर पावणेदोनशेच्या घरात जाते, म्हणून जाऊन-येऊन एका दिवसात नरनाळा उरकायचा बेत करू नये. नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून, दिवसाउजेडीच वर जाता येते. किल्ल्यावर मुक्काम नाही. वाहन वरपर्यंत जाते, पण दरवाजांची ओळ पायी चढल्याशिवाय समजत नाही. वाघाच्या क्षेत्रात पायी कुठवर जायचे हे नाक्यावरच विचारून घ्यावे. नियम, वेळा आणि बंदचे दिवस बदलतात. पावसाळ्यात किल्ला सर्वांत सुंदर आणि सर्वांत गैरसोयीचा असतो; दगड निसरडे, गवत कमरेपर्यंत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत बरा: तलावांत पाणी असते, हवा स्वच्छ, आणि पानगळ सुरू झाल्यावर झाडीत लपलेला तट उघडा पडतो. मार्चनंतर प्राणी पाण्यावर दिसण्याची शक्यता वाढते, पण काळा दगड तापून उठतो.

गाविलगडासाठी दुसरा दिवस राखावा आणि चिखलदऱ्याला मुक्काम करावा. किल्ल्याचा विस्तार पाहता दिल्ली दरवाजा, घळ, जामा मशीद आणि दक्षिणेचा कडा एवढे पाहायलाच अर्धा दिवस जातो. वेढ्याचा नकाशा डोक्यात घेऊन उत्तरेकडून आत शिरावे, म्हणजे बाहेरचा तट, घळ आणि आतला दरवाजा त्या दिवशीच्या क्रमानेच समोर येतात. ज्यांना सातपुडा ओलांडायचा आहे त्यांना धारणीकडे उतरताना गडगा आणि तापीच्या संगमावर आमनेरचा लहानसा किल्ला पाहता येतो. दोन मोठ्या किल्ल्यांच्या पाठीमागे तापीची बाजू राखणारे हे चौकीवजा ठाणे.

एवढे लांब जाणे ज्यांना जमत नाही, त्यांना अनसिंगहून उलट दिशेचा पर्याय आहे. पुसदवरून माहूरला जाता येते. पैनगंगेने तीन बाजूंनी वेढलेला माहूरचा किल्लाही जंगलातच आहे, त्याचा हत्ती दरवाजा आणि तट पाहण्यासारखे आहेत, आणि बंडखोर शहाजहान दक्षिणेत पळाला तेव्हा त्याने माहूरचा आसरा घेतला होता. रेणुका आणि दत्त यांच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेवरच तो आहे, तरी शिखरावरून परतणाऱ्यांपैकी किल्ल्याकडे वळणारे थोडेच. तेथे वाघाचा नाका नाही, वेळेचे बंधनही नरनाळ्याइतके कडक नाही. पण पैनगंगा अभयारण्याचे ३२५ चौरस किलोमीटरचे रान पुढे नदीच्या काठाने सुरू होते, आणि त्यात शिरायचे तर तिथेही परवानगी काढावी लागते.